सांगलीत राहून उत्तर-आधुनिक कसं व्हावं

पहिली गोष्ट, वाचायचं नाही. ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाचं ‘पोस्टमॉडर्न कंडिशन’, उत्तर-आधुनिकतेवरचं गाजलेलं पुस्तक, १९७९ चं. क्वेबेकच्या सरकारी विद्यापीठ मंडळाने मागवलेला तो अहवाल. आपल्याकडे चौकशी समितीचे असतात, तसाच. पुढे ल्योतारनेच कबूल केलं, की त्यात न वाचलेल्या पुस्तकांचे हवाले ठोकून दिले होते. मूळपुरुषानेच वाट घालून दिल्यावर आपण कशाला डोळे फोडायचे?

संध्याकाळी विश्रामबागेत कट्ट्यावर बसा, भडंगाचा पुडा फोडा आणि एवढंच म्हणा, ‘महाकथनांवर माझा विश्वास नाही.’ (प्रगती, क्रांती असल्या, सगळं जग एका दमात समजावणाऱ्या मोठ्या गोष्टींवर. पण हे सांगायचं नाही.) कुणी ‘म्हणजे काय?’ विचारलं, तर कीव आल्यासारखं बघा. फारच चिवट निघाला तर नीत्शे काढा: तथ्यं नसतात, असतात ते फक्त अर्थ. (गृहकर्जाच्या हप्त्याला हे लागू नाही. बँकेत करून बघू नका.)

उत्तर-आधुनिकांचा विरोधक होणं त्याहून सोपं. एकच नाव पाठ करा, सोकल. १९९६ मध्ये या भौतिकशास्त्रज्ञाने क्वांटम गुरुत्वाकर्षणावर मुद्दाम अगम्य थापा लिहून याच पंथाच्या ‘सोशल टेक्स्ट’ नियतकालिकाला पाठवल्या आणि त्यांनी त्या छापल्या. तेवढ्यावर फूको, देरिदा या पंथाच्या सगळ्या फ्रेंच गुरूंचा निकाल लावून टाका. देरिदाचं १९६७ चं वाक्य ‘मजकुराबाहेर काहीच नाही’ असं आपटा. संदर्भाबाहेर काही नसतं, असं त्याला म्हणायचं होतं, हे त्याने नंतर सांगितलंय. पण ते काढलंत तर भांडणच मिटेल, आणि पुड्यात अजून भडंग आहे. हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञाच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका. बुद्धीला खोटं पाडायला बुद्धीचाच युक्तिवाद कसा वापरता, असं तो विचारतो. मग दोन्ही बाजूंना विचार करावा लागतो.

पावसाळ्यात मात्र जरा सबुरीने. आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ च्या वर गेली. ती चढत होती तेव्हा आमच्या कट्ट्यावरच्या सगळ्यात कडव्या उत्तर-आधुनिक सरांचा नदीकाठच्या गावभागातून पहाटे फोन आला.

“आयर्विनला किती झालं रे?”

“त्रेचाळीस, सर.”

“नक्की?”

“आता ते कोण बघतंय त्यावर आहे, सर.”

“गाढवा, शिडी घेऊन ये. पुस्तकं माळ्यावर टाकायचीत.”