नांगर धरणाऱ्या पोराचं इंग्रजी

इंग्रजी साहित्य शिकलेल्या माणसांपुढे बायबलचा विषय काढा, राजा जेम्सच्या काळात निघालेल्या 1611 च्या इंग्रजी भाषांतराचं, म्हणजे किंग जेम्स आवृत्तीचं, कौतुक हमखास ऐकायला मिळतं. काय ती भारदस्त भाषा, आणि नंतरची सोपी भाषांतरं म्हणजे नुसतं वर्तमानपत्र! मला हे पटत नाही. ती भारदस्त भाषा मुळात शेतातल्या पोराला कळावी म्हणून लिहिली गेली होती.

ती मुळात लिहिणारा विल्यम टिंडल, किंग जेम्स आवृत्तीच्या आधीचा. ऑक्सफर्डला शिकलेला पाद्री. एका विद्वान धर्मगुरूशी वाद झाला तेव्हा त्याने सुनावलं म्हणतात, की देवाने आयुष्य दिलं तर नांगर धरणाऱ्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त बायबल कळेल असं करून दाखवीन. ही नुसती फुशारकी नव्हती. बिशपच्या परवानगीशिवाय बायबल इंग्रजीत आणायला 1409 पासून बंदी होती, कारण चौदाव्या शतकातल्या जॉन विक्लिफ या बंडखोर धर्मपंडिताच्या मंडळींनी लॅटिनवरून केलेल्या भाषांतराच्या हस्तलिखित प्रती लोकांत फिरत होत्या. विक्लिफ वारला 1384 मध्ये, त्याची हाडं उकरून जाळली 1428 मध्ये. मेलेल्या माणसाचा एवढा धसका!

टिंडलला लंडनच्या बिशपने दारात उभं केलं नाही. मग तो जर्मनीत गेला, थेट ग्रीकवरून नवा करार (बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा भाग) इंग्रजीत आणला आणि 1526 मध्ये वर्म्सला छापून घेतला. प्रती कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून इंग्लंडात पोचल्या, आणि सापडतील तशा जाळल्या गेल्या. 1535 मध्ये अँटवर्पला तो फितुरीने पकडला गेला. तुरुंगातून लिहिलेलं त्याचं एक पत्र शिल्लक आहे. त्यात मागणं काय, तर थंडीसाठी उबदार टोपी, रात्री दिवा, आणि हिब्रू बायबल, व्याकरण नि शब्दकोश. जुन्या कराराचं, म्हणजे बायबलच्या आधीच्या हिब्रू भागाचं, काम अर्धवट राहिलं होतं ना! 1536 मध्ये त्याला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं.

तीनच वर्षांनी आठव्या हेन्रीच्या राज्यात चर्चाचर्चांत ठेवायला ‘ग्रेट बायबल’ छापलं गेलं. आत बराच मजकूर टिंडलचा, नाव कुठेच नाही. मुखपृष्ठावर राजा ग्रंथ वाटतोय आणि खाली प्रजा त्याचा जयजयकार करतेय, तोही बहुतेक लॅटिनमध्ये! (चित्रकाराला यातला विनोद कळला होता की नाही, देव जाणे.) 1543 मध्ये तर कायदाच झाला: सामान्य घरच्या बायका, कारागीर, शिकाऊ उमेदवार, नोकर, शेतकरी आणि मजूर यांनी इंग्रजी बायबल वाचायचं नाही. बंदी आली ती नेमकी नांगर धरणाऱ्या पोरावर. म्हणून मला वाटतं, खरं भांडण भाषेचं नव्हतंच, वाचणार कोण याचं होतं.

किंग जेम्ससाठी पुढे 47 पंडित बसले, तरी नव्या कराराचा मोठा भाग टिंडलचाच राहिला. का टिकला? माझ्या मते तो कानासाठी लिहिला होता म्हणून. त्या काळी बहुतेकांना वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणून छोटे शब्द, बोलण्याचा ठेका.

विसाव्या शतकातली भाषांतरं मला इथे कमी पडलेली वाटतात. हेतू नेक होता. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवरच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांवरच्या) पावत्या आणि घरगुती पत्रं वाचून अभ्यासकांना दिसलं की नव्या कराराचं ग्रीकही रोजच्या व्यवहारातलंच आहे. जे. बी. फिलिप्स या पाद्र्याने दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत लंडनच्या तरुण पोरांसाठी नव्या करारातली पॉल या धर्मप्रचारकाची पत्रं साध्या इंग्रजीत आणली. 1966 च्या ‘गुड न्यूज’ या सोप्या भाषांतरात तर इंग्रजी ज्यांची मायबोली नाही अशा, म्हणजे आपल्यासारख्या, वाचकांचाही विचार होता. अर्थ चटकन कळतो, पण मोठ्याने वाचलं की मजकूर सपक लागतो. सोपं लिहिताना ऐकणारा डोळ्यांपुढून गेला, की असं होतं.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हाच ध्यास घेतला होता. उपलब्ध मराठी बायबल संस्कृतने जड झालेलं, अडाणी बायकांना कळणार कसं? त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या बायकांनीच छपाई केली. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये निघाला. त्याची प्रत कुणाच्या घरी असेल, तर एखादा उतारा मोठ्याने वाचून इथे टाकाल का?