सॉकेटमधले अर्थिंग आणि अंगणातला खड्डा : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माझ्या मागच्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्या दिवशी उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते. परंतु आपल्या मजकुराखाली दोन नव्या हॅम रेडिओ परवानाधारकांनी ‘म्हणजे खड्डा न खणता चालेल ना?’ असे विचारलेले दिसले आणि त्यानंतर गप्प बसणे मला योग्य वाटले नाही.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभर वॉटच्या हॅम रेडिओपुढे (परवाना घेऊन हौसेने चालवायच्या संदेश-रेडिओपुढे) त्याची ताकद वाढवणारा चारशे वॉटचा लिनिअर अँप्लिफायर जोडायचा असेल, तर यंत्र विकत घेण्याआधी खोली, वीजजोडणी, अर्थिंगचा खड्डा आणि गच्ची यांची तयारी कशी करावी, हे मी त्यात लिहिले होते. त्यावर आपण म्हणता : “काका, आम्हाला रेडिओ लावायचा आहे, सबस्टेशन उभारायचे नाही. सोळा अँपिअरचे सॉकेट पुरते, अर्थिंग त्यात असतेच. खड्ड्यात मीठ टाकून पाइप सडवण्याचे सल्ले जुने झाले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने खड्डा कुठे खणायचा? अँटेनापासून माणसांनी किती लांब राहावे यावर एक ओळ नाही. शंभराचे चारशे वॉट केले तरी समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट (मीटरवरची एक पायरी) वाढते, हे का लिहीत नाही? नवख्यांना घाबरवणे बंद करा.”

‘काका’ या शब्दाला माझा आक्षेप नाही. नागपुरात अनोळखी वडीलधाऱ्याला काका म्हणण्याची रीतच आहे आणि आमच्या गल्लीतली मुले मला त्याच नावाने हाक मारतात. परंतु तो शब्द आदराने उच्चारणे वेगळे आणि एखाद्याचे म्हणणे कालबाह्य ठरवण्यासाठी त्याच्या वयाकडे बोट दाखवणे वेगळे. आपल्या वाक्यात दुसरा प्रकार आहे, हे कोणालाही दिसेल. शिवाय ज्या लेखासाठी मी दोन आठवडे मोजमापे घेतली, आकृत्या पुन्हा पुन्हा काढल्या, तो एका ओळीत निकालात काढताना आपण स्वतःची कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे ओळखचिन्ह) किंवा परवान्याचा दर्जा यांपैकी काहीही लिहिलेले नाही. बँडवर आपण आधी कॉलसाइन सांगतो, मग बोलतो. लेखनातही तो शिष्टाचार पाळायला हरकत नसावी.

जे मान्य करायचे ते आधी मान्य करतो. लिनिअरसाठी मीटरच्या पेटीपासून स्वतंत्र लाइन ओढणे ‘अनिवार्य’ आहे असे मी लिहिले, तो शब्द चुकला. ‘इष्ट’ असे लिहायला हवे होते. आपल्याकडे जनरल दर्जाच्या परवान्यावर ४०० वॉटपर्यंत मुभा आहे. अँप्लिफायरची कार्यक्षमता ५० ते ६० टक्के धरली, तरी मेन्समधून, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्यातून, चार-पाच अँपिअरपेक्षा अधिक ओढले जात नाहीत आणि सोळा अँपिअरचे सॉकेट त्याहून कितीतरी अधिक भार सोसते. अडचण फक्त चालू करतानाच्या क्षणाची असते. मोठा ट्रान्सफॉर्मर त्या क्षणी एकदम प्रचंड प्रवाह ओढतो आणि ‘बी’ प्रकारचा एमसीबी (जादा प्रवाहावर लाइन तोडणारा स्विच) विनाकारण पडतो. त्यासाठी असा क्षणिक प्रवाह सोसणारा ‘सी’ प्रकारचा एमसीबी किंवा आधी रोधातून आणि मग थेट जोडणारे स्टेप-स्टार्ट सर्किट पुरेसे आहे. एवढा मुद्दा आपला.

परंतु ‘अर्थिंग त्यात असतेच’ हे वाक्य मी सोडून देऊ शकत नाही. आपल्या संपूर्ण प्रतिक्रियेत सर्वांत घातक वाक्य तेच आहे.

सॉकेटला तिसरे छिद्र असते, हे खरे. त्या छिद्रामागे काय आहे, हे भिंत उघडल्याशिवाय किंवा मोजल्याशिवाय कळत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात माझ्या मित्राने वापरलेला लिनिअर आणून बसवला होता. त्या खोलीची वायरिंग नव्याने झालेली होती, सॉकेट चकचकीत होते आणि यंत्र तीन महिने बिनबोभाट चालले. एका संध्याकाळी बाहेर खांबाकडून येणारा न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) सुटला, घरातले दिवे विझले आणि अंधारात मित्राने रेडिओच्या धातूच्या पेटीला हात लावला. सॉकेटच्या आत तिसरी पिन वायरच्या बोटभर तुकड्याने न्यूट्रललाच जोडलेली होती. न्यूट्रल तुटल्यावर घरातल्या बाकीच्या उपकरणांतून आलेला फेजचा, म्हणजे जिवंत तारेचा, दाब (व्होल्टेज) थेट त्या पेटीवर उभा राहिला. तो बसलेली खुर्ची मागे कलंडली, हात सुटला आणि म्हणून तो आज बोलतो आहे. ते काम करणाऱ्या ठेकेदाराचे नाव मी तेव्हा घेतले नाही आणि आताही घेणार नाही. पण त्या सॉकेटमध्येही, आपल्या भाषेत, अर्थिंग ‘होतेच’.

खालच्या एका वाचकाला आपण सांगितले आहे की, फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर २३० व्होल्ट दाखवत असेल तर अर्थिंग चांगले आहे. हा सल्ला कृपया मागे घ्या. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगओहम असतो, म्हणजे तो मोजताना अवघे २३ मायक्रोअँपिअर ओढतो. एवढासा प्रवाह गंजलेल्या, केसाएवढ्या उरलेल्या तारेतूनही जातो आणि मीटर पूर्ण दाब दाखवतो. वर सांगितलेल्या वाड्यातल्या सॉकेटनेही मल्टिमीटरवर २३० व्होल्टच दाखवले असते. अर्थिंगचा कस त्यातून अनेक अँपिअर वाहतात तेव्हा लागतो, म्हणून ते अर्थ टेस्टरने, जमिनीत दोन खुंट्या ठोकून, ओहममध्ये मोजावे लागते. हे काम आपण स्वतः कधी केले आहे, असे आपल्या लिखाणावरून वाटत नाही.

मी केले आहे. माझे वडील कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होते आणि ‘आधी जमीन बघ, मग तार बघ’ हे मी त्यांच्याकडून दहाव्या वर्षी ऐकले. हिंगणा रस्त्याकडच्या माझ्या घराच्या अंगणात मी २००८ साली खड्डा घेतला, ४० मिलिमीटर व्यासाचा अडीच मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा पुरला आणि पुढे दरवर्षी दोनदा त्याचा रोध मोजत आलो. पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये चार ओहम आले. पुढच्या मे महिन्यात त्याच पाइपाने, त्याच जागी, चौदा ओहम दाखवले.

याचे कारण आपल्या पायाखाली आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि ओली असताना वीज उत्तम वाहून नेते. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो तेव्हा, तीच माती आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ती पाइपापासून अक्षरशः सुटते. पाइपाभोवती हवेची पोकळी राहते आणि हवेतून अर्थिंग होत नाही. आता चौदा ओहमचा अर्थ काय होतो ते पाहा. घराचे अर्थिंग स्वतःच्या खड्ड्यावर असेल आणि लिनिअरमधला फेज पेटीला चिकटला, तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले १४, म्हणजे साधारण १६ अँपिअर होतो. सोळा अँपिअरचा एमसीबी त्यावर पडतच नाही. पेटीवर जवळपास पूर्ण दाब उभा राहतो, यंत्र चालू दिसते आणि माणूस हात लावण्याची वाट पाहते. आपण ज्याला पुरेसे म्हणता ते सॉकेट मे महिन्यात एवढेच संरक्षण देते. म्हणूनच मी मीठ-कोळशाचे थर, पाइपावरची नरसाळ्याची तोटी आणि चैत्रापासून रोज बादलीभर पाणी, यांवर चार परिच्छेद खर्च केले. ती मला पानभरतीसाठी सुचलेली गोष्ट नव्हती.

गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला की हा धोका बराच आटोक्यात येतो आणि तो लावाच, असे मी स्पष्ट लिहिले आहे. पण गच्चीवरच्या अँटेनातून खाली येणाऱ्या आकाशातल्या विजेपुढे आरसीसीबीचे काही चालत नाही. पुष्कळ लोक घराचे अर्थिंग एकीकडे आणि अँटेनाचे वेगळे, दुसरीकडे ठेवतात व दोन्ही एकमेकांना जोडत नाहीत. त्यांना ते अधिक सुरक्षित वाटते. वास्तविक विजेच्या एका कोसळण्यात तीस हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह असणे ही सामान्य बाब आहे. त्यातले नुसते दहा हजार अँपिअर अँटेनाच्या पाच ओहमच्या खड्ड्यात उतरले, तर त्या खड्ड्याचा दाब घराच्या अर्थिंगपेक्षा पन्नास हजार व्होल्टनी चढतो. दोन खड्ड्यांना जोडणारा सर्वांत सोपा मार्ग अशा वेळी कोणता, तर कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) कवचातून रेडिओ, रेडिओतून लिनिअर आणि लिनिअरच्या प्लगमधून घराची हिरवी (अर्थिंगची) तार. यंत्रे त्या वाटेतच बसलेली असतात आणि चालवणाराही. दोन्ही खड्डे जमिनीखालून जाड तांब्याच्या पट्टीने एकत्र बांधा, कोॲक्स घरात शिरण्यापूर्वी बाहेरच अरेस्टरमधून (विजेचा लोट जमिनीकडे वळवणाऱ्या साधनातून) न्या आणि त्याचे अर्थिंग त्याच पट्टीवर घ्या, हे सांगण्यामागे एवढे कारण आहे. वैशाखातल्या गारपिटीच्या पावसात विदर्भात वीज कशी पडते, हे नागपूरकराला वेगळे सांगण्याची गरज नसावी.

आणखी एक. सॉकेटमधली हिरवी तार रेडिओच्या लहरींसाठी अर्थिंग नसतेच. २८ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी सुमारे २.७ मीटर भरते. तेवढ्या लांबीची तार एका टोकाला जमिनीला उत्तम जोडलेली असली, तरी दुसऱ्या टोकाला, म्हणजे यंत्रापाशी, ती त्या लहरीला जणू जोडलेलीच नाही अशी वागते. तिप्पट लांबीलाही तेच. शंभर वॉटवर हे लक्षात येत नाही. चारशेवर जमिनीत न उतरलेली ती लहर यंत्रावरच राहते आणि मायक्रोफोन ओठांना चटका देतो. मी तो घेतला आहे.

आता ‘घाबरवणे’. १९९४ साली, ८१३ क्रमांकाच्या व्हॉल्व्हचा (निर्वात नळीचा) लिनिअर मी स्वतः बांधला होता. व्हॉल्व्हला अडीच हजार व्होल्ट, फिल्टरला ३० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. यंत्र बंद करून, प्लग काढून, दहा मिनिटे थांबून मी झाकण उघडले. कपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रोध आतून तुटला होता आणि ते मला माहीत नव्हते. नव्वदहून अधिक जूल ऊर्जा उजव्या अंगठ्यातून गेली. डावा हात खिशात होता, कारण तसे शिकवले गेले होते, म्हणून ती छातीतून गेली नाही. माझ्या अंगठ्याचे नख आजही वाकडे उगवते. झाकण उघडताच मेन्स तोडणारा इंटरलॉक स्विच आणि टेबलाजवळ टांगलेली, अर्थिंगला जोडलेली शॉर्टिंग काठी यांचा माझा आग्रह त्या दिवसापासूनचा आहे. नवख्याला ही भीती वाटलीच पाहिजे. ती न वाटू देणारा माणूस त्याचा मित्र नाही, मग त्याची भाषा कितीही दिलखुलास असो.

राहिलेल्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. मिठाने पाइप गंजतो हे खरे आहे. माझा पाइप मी २०१९ साली बदलला. अकरा वर्षे मला पुरेशी वाटतात. बेंटोनाइट (मिठाऐवजी खड्ड्यात भरायची, ओल धरणारी माती) ज्याला परवडते त्याने जरूर वापरावे. फ्लॅटमधल्या लोकांनी सोसायटीची लेखी परवानगी घेऊन इमारतीच्या सामाईक अर्थिंगची पट्टी शोधावी. माझे घर बैठे आहे आणि मी माझ्या अनुभवाचेच लिहितो. अँटेना गच्चीवर माणसांच्या वावरापासून उंच ठेवा, हे वाक्य लेखात आहे. आपण ते वाचले नसावे. सहा डेसिबल म्हणजे एक एस-युनिट हे गणित मलाही येते, परंतु लिनिअर घ्यावा की घेऊ नये हा लेखाचा विषय नव्हता. घ्यायचे ठरवलेल्या माणसाची जागा तयार आहे की नाही, हा होता.

कूलरबद्दलही आपण अन्यत्र टिप्पणी केलेली माझ्या कानावर आली. कूलरची ओली हवा लिनिअरच्या पंख्याने आत ओढू नये, उच्च दाबाच्या भागांवर ओलावा बसतो, एवढेच मी म्हटले होते. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून बसा असे मी कोणालाही सांगणार नाही. त्याची दिशा बदला आणि यंत्रामागे हात फिरेल एवढी मोकळी जागा ठेवा.

लेखातला ‘अनिवार्य’ हा शब्द आज सकाळी बदलला आहे. खड्ड्याचे चारही परिच्छेद जसेच्या तसे राहतील. आपण शहरातच असाल, तर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कधीही या. अर्थ टेस्टर माझ्याकडे आहे. आधी माझ्या अंगणात मोजू आणि मग आपल्या त्या सॉकेटवर.