स्केड पाळायचं नसेल तर घेता कशाला?

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. आम्ही हौशी रेडिओवाले. १६० मीटरवर, म्हणजे १.८ मेगाहर्ट्झच्या बँडवर, युरोपातल्या स्टेशनसोबत संपर्कासाठी आठवडाभर आधी वेळ ठरते, म्हणजेच स्केड, ग्रुपवर सगळे "हो, नक्की" म्हणतात, आणि ऐन वेळी जो तो आपल्या मर्जीचा मालक होतो. आज पहाटे पुन्हा तेच झालं. समोरचा माणूस त्याच्याकडच्या रात्री दोन वाजता कडाक्याच्या थंडीत उठून बसला होता. आमच्यातल्या एकाने वेळ भलतीच धरली, दुसऱ्याने समोरच्याच्या बोलायच्या पाळीत ट्रान्समिट सुरू केलं, तिसरा आलाच नाही. सूर्य वर आला, बँड बंद झाला, सगळं पाण्यात गेलं.

ज्यांना १६० मीटर हे ४० मीटरच्या बँडसारखंच वाटतं, त्यांनी एकदा नीट समजून घ्यावं. ऊन पडलं की आयनोस्फिअरचा खालचा डी थर तयार होतो आणि १.८ मेगाहर्ट्झची लहर वर पोचायच्या आतच गिळून टाकतो. अंधारात तो थर विरतो, तेव्हा कुठे ही लहर वरच्या थरावरून परतून लांब जाते. त्यातही सगळ्यात मोलाची वेळ उजाडायच्या आसपासची. सिग्नल काही मिनिटं एकदम वर येतो आणि मग कापल्यासारखा नाहीसा होतो. ती मिनिटं तुमच्या चहासाठी थांबत नाहीत.

आणि सूर्य सगळीकडे एकाच वेळी उगवत नाही, हे किती वेळा सांगायचं? एका रेखांशाला ४ मिनिटं. आमचं यवतमाळ ७८ अंशांवर, पुणे ७४ च्याही आत. मुंबई आणि गडचिरोलीत सात अंशांचा फरक, म्हणजे अर्ध्या तासाच्या जवळपास. पण वेळ कोण ठरवणार? पुण्या-मुंबईकडचा कुणीतरी, आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या सूर्योदयावरून. डिसेंबरात सकाळी सात वाजता तुमच्याकडे फटफटत असतं, आमच्याकडे ऊन अंगणात आलेलं असतं. तरी दरवेळी "सातला सगळे या". विदर्भाला उरलंसुरलं द्यायची सवय सिंचनात पाहिली, विजेत पाहिली, आता सूर्योदयातही पाहायची का?

यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं, तर विचारूच नका. जगभरचे हौशी रेडिओवाले एकच घड्याळ वापरतात, ते याचसाठी. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्या १५ तारखेच्या रात्री एक वाजता यूटीसीत १४ तारखेचे १९.३० झालेले असतात. परवान्याची परीक्षा पास झालेल्या माणसाला एवढी वजाबाकी जमू नये? "उद्या रात्री एक वाजता" असा निरोप टाकतात. उद्या म्हणजे कोणता उद्या, रात्री म्हणजे कुणाची रात्र? समोरचा बिचारा एक दिवस आधी येऊन जागतो, आणि बदनामी सगळ्या व्हीयू, म्हणजे भारतातल्या, स्टेशनांची होते.

एफटी८, म्हणजे संगणकाने रेडिओवर छोटे संदेश पाठवायचं तंत्र, ज्यांनी बनवलं त्यांनी किती सोपं करून ठेवलंय बघा. १९९३ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जोसेफ टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये हे आपल्या हातात दिलं. १५ सेकंदांची पाळी, त्यातली १२.६४ सेकंद संदेश, उरलेल्या वेळात डिकोडिंग. गोंगाटाच्या २० डेसिबल खाली, कानाला काही म्हणजे काही ऐकू येत नसताना, हे सॉफ्टवेअर कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, काढून देतं. तुमच्याकडून मागतं काय? घड्याळ बरोबर ठेवा, आणि ठरलेल्या पाळीत बोला. बस! आमच्याकडे लाईन गेली की थोड्या वेळात मोबाईल टॉवरही बसतो, इंटरनेट जातं. म्हणून मी जीपीएस मॉड्यूल लावून लॅपटॉपची वेळ मिळवतो. तुमच्या घरात फायबर आहे, आणि तुमचं घड्याळ तीन सेकंद मागे?

पाळीचंही तेच. जवळजवळच्या सगळ्या स्टेशनांनी एकाच पाळीत बोलायचं आणि एकाच पाळीत ऐकायचं, ही साधी शिस्त आहे. आपण शून्याला आणि तिसाव्या सेकंदाला बोलायचं, युरोपने पंधराव्याला आणि पंचेचाळिसाव्याला. आज माझ्यापासून तीसेक किलोमीटरवरचे एक साहेब युरोपच्या पाळीत ट्रान्समिट करत बसले. त्यांच्या शंभर वॅटखाली माझा रिसिव्हर बहिरा झाला. फोन लावला तर म्हणतात, "मला कोणी सांगितलंच नव्हतं." ग्रुपवर लिहिलं होतं, त्यांनी वाचलंय हेही दिसत होतं!

या काही मिनिटांसाठी इथे काय काय करावं लागतं, ते शहरात बसून कळणार नाही. पाव लहरीची अँटेना म्हणजे ४० मीटर उंच. एवढा खांब गावात कोण उभारू देणार? मग तार जमेल तितकी उभी न्यायची, उरलेली आडवी कडुनिंबाकडे ओढायची. खाली जमिनीत रेडियल, म्हणजे अँटेनाच्या बुडापासून पसरणाऱ्या तारा, पुरायचे, ते दर हंगामात वखराने तुटतात, ते पुन्हा जोडायचे. ऐकायची तार धुऱ्याने (शेताच्या बांधाने) बांबूंवर, ती रानडुकरांनी पाडायची आणि मी पुन्हा ताणायची. लाईन गेली आणि इन्व्हर्टर लागला की त्याचीच घरघर बँडभर पसरते, म्हणून रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर.

त्यात झटका मशीन, म्हणजे डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र. हरभरा आणि गहू उभा असतो तेव्हाच टॉप बँडचा, म्हणजे १६० मीटरचा, हंगाम, आणि तेव्हाच रात्रभर शेतोशेती झटका लागलेला. तारेला गवत टेकलं किंवा सांधा सैल असला की तिथे ठिणगी उडते आणि सेकंदा-सेकंदाला रिसिव्हरमध्ये टक, टक, टक. शेजाऱ्याला मी दोष देत नाही. डुक्कर एका रात्रीत वर्षाचं पीक उलथवतं. त्याला फक्त सांगितलं, तर तो म्हणाला, "भाऊ, कायले टेन्शन घेता, दाखवा कोठी उडते ते." दोघं बॅटरी घेऊन फिरलो, गवत कापलं, सांधे घट्ट केले. रेडिओतलं अक्षर माहीत नसलेला माणूस माझ्या स्केडसाठी थंडीत धुऱ्यावर उभा राहिला. आणि परवानाधारक माणसाला दिलेली वेळ पाळता येत नाही? संताप का येणार नाही?

आणखी एक घाण सवय, तीही बोलून टाकतो. स्केड चालू असताना चॅटवर "आला तू, उणे १९, आता आरआर७३ दे", म्हणजे सिग्नलचा रिपोर्ट आणि पोच चॅटवरच. अरे, मग रेडिओ कशाला हवा? कॉलसाइन, रिपोर्ट आणि पोच ही हवेतूनच आली पाहिजे. काही जण तर तिसऱ्याच देशातल्या ऑनलाइन रिसिव्हरवर ऐकून लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, संपर्क टाकतात. हे खोटं आहे. इंटरनेटने मिळवलेला संपर्क मला नको, रिकामा लॉग चालेल.

४७५ किलोहर्ट्झवर मी फक्त ऐकतो, पण तिथेही सुटका नाही. २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा पट्टा हौशी रेडिओला दिला, तोही साधारण १ वॅट प्रभावी शक्तीच्या मर्यादेत. इतक्या क्षीण सिग्नलसाठी एफएसटी४डब्ल्यू या दुसऱ्या तंत्रात एकेक संदेश २ मिनिटांपासून अगदी ३० मिनिटांपर्यंत लांबवता येतो. दोन्ही टोकांना कालावधी एकच हवा, नाहीतर काहीच डिकोड होत नाही. १५ मिनिटांचं ठरलेलं असताना पलीकडच्याने न कळवता ५ मिनिटांवर आणलं, आणि माझा रिसिव्हर रात्रभर नसलेले संदेश शोधत राहिला. एक ओळ लिहायला काय जातं हो?

पुढच्या शनिवारी पुन्हा संपर्काची खिडकी आहे. या वेळी वेळ मी ठरवणार, आपल्यात जिथे सूर्य सगळ्यात आधी उगवतो तिथल्या हिशोबाने. वेळ यूटीसीत, तारीख यूटीसीची, फ्रिक्वेन्सी आणि पाळी, या चारही गोष्टी ज्याने शुक्रवार संध्याकाळपर्यंत स्वतः लिहून कळवल्या नाहीत, त्याचं कॉलसाइन समोरच्या स्टेशनला जाणार नाही. मग तो कितीही जुना असो, कितीही मोठा असो. राग आला तर खुशाल येऊ द्या.