डोळे तेवढे फोकसमध्ये घ्या हो!

पुन्हा तेच! कधी नाकाचा शेंडा लख्ख, कधी कानातल्याचा खडा न् खडा मोजून घ्यावा, आणि डोळे? धूसर! अहो, पोर्ट्रेटमध्ये माणूस आधी बघतो कुठे? पण नाही, लेन्सवर एफ १.४, म्हणजे लेन्सचं छिद्र सगळ्यात मोठं, लिहिलंय ना, मग कायम १.४ वरच! फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, मीटरभर अंतर: जेमतेम १ सेंटिमीटर भाग फोकसमध्ये राहतो. डोळ्यावर फोकस करून फ्रेम सरकवली की तोही गेला. छिद्र लहान केलं की जास्त भाग स्पष्ट येतो, मग एफ ४ ला काय काटे आहेत? आणि जवळचा डोळा सोडून लांबचा धरायचा कशासाठी?

त्यात चमक नाहीच. येणार कुठून? चमक म्हणजे बुबुळावर पडलेलं प्रकाशाचं प्रतिबिंब, आणि तुम्ही माणूस उभा केलाय भर दुपारच्या उन्हात, डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळोख. खिडकीकडे तोंड करा, हनुवटी जराशी वर, एवढं सांगायला किती वेळ लागतो? ते नको. त्यापेक्षा नंतर बसून एडिटिंगचे स्लायडर ओढायचे, पांढरा भाग ट्यूबलाइटसारखा पेटवायचा, बुबुळांच्या कडा कोरायच्या. समोरच्याची नजरच मारून टाकता तुम्ही! शटर दाबण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्या डोळ्यांत बघा की!