विलीनीकरणानंतर शेअर फुकटात कसे मिळवावेत

आपल्याकडील शेअरांची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल, तर आपले अभिनंदन. नवे शेअर आपल्याला फुकट मिळाले आहेत. माझ्या ब्रोकरने परवा पाठवलेल्या कॅपिटल गेन स्टेटमेंटमध्ये, म्हणजे शेअर विकून झालेल्या नफ्याच्या हिशेबात, खरेदीची किंमत स्वच्छ शून्य छापलेली आहे, आणि छापलेल्या आकड्यावर शंका घेणे सभ्य माणसाला शोभत नाही.

भागाकार तर मुळीच करू नये. एचडीएफसी लिमिटेड 1 जुलै 2023 रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि दर 25 शेअरांमागे बँकेचे 42 शेअर मिळाले. समजा, 2020 मध्ये आपण जुने 100 शेअर 1,680 रुपये भावाने घेतले होते. त्यांचे 168 झाले, म्हणजे 1,68,000 रुपये 168 शेअरांवर वाटले की प्रत्येकी 1,000 रुपये पडतात. 1961 च्या आयकर कायद्याचे कलम 49(2) हेच सांगते, आणि धारणकाळही, म्हणजे शेअर जवळ असल्याचा काळ, जुन्या खरेदीपासूनच धरला जातो. पण आपण कायदा वाचू नये. ब्रोकरच्या मडगावच्या शाखेत जाऊन विचारावे. तेथे ‘ही कॉर्पोरेट ॲक्शन आहे’, म्हणजे कंपनीच्या पातळीवरचा बदल आहे, असे सांगतात, मग ‘वरून येते’ असे सांगतात, मग तक्रार नोंदवायला लावतात आणि दुसऱ्या दिवशी ती ‘निकाली’ काढतात; शून्य मात्र जागच्या जागी असते.

वाटणीत पूर्ण शेअर न बसल्यास उरलेल्या अपूर्णांक शेअरांपोटी आलेले किरकोळ पैसे चवथीचा प्रसाद समजून विसरावेत.

गोव्यातील विवाहितांना विशेष सवलत आहे. त्याच कायद्याच्या कलम 5अ नुसार भांडवली नफा पती-पत्नींत निम्मा-निम्मा वाटला जातो. त्यामुळे दीर्घकालीन नफ्यावरची सव्वा लाखाची सूट दोघांचीही आधीच संपली असेल, तर शेअर विकल्यावर वरच्या शून्यापायी 1,68,000 रुपयांची खरेदीही नफा समजून साडेबारा टक्क्यांनी जाणारे 21,000 रुपये एकट्याला सोसावे लागत नाहीत. 10,500 रुपये बायकोच्या विवरणपत्रातून जातात, आणि ते का गेले हे तिला समजावण्याचा मान आपला.

पुरे झाले, ब्रोकरसाहेब. जुने शेअर मी तुमच्याचमार्फत घेतले, कॉन्ट्रॅक्ट नोट तुमची, दलाली तुम्ही घेतली, विलीनीकरणाचे प्रमाण सगळ्या बाजाराला ठाऊक होते. तरीही तुम्ही शून्य छापता आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘ग्राहकाने पडताळून पाहावे’ असे लिहून हात झटकता, हा निव्वळ निलाजरेपणा आहे. तो आकडा दुरुस्त करणे हे तुमचे काम आहे. विवरणपत्राची मुदत संपण्याआधी ते करा.