‘मान दुखली म्हणजे हात बसला’ हे साफ खोटं आहे

‘खऱ्या व्हायोलिनचे नियम’ असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: लहान मापाचं व्हायोलिन हा पैसे काढायचा धंदा, पहिल्या दिवसापासून फुल साइजच द्या. मान-खांदा दुखू लागला की हात बसतोय असं समजा, रियाज थांबवू नका. फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लांब फळीवर, स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या चिकटवणं हे नव्या क्लासवाल्यांचं खूळ. शोल्डर रेस्ट, म्हणजे व्हायोलिनखाली लावायचा खांद्यावरचा आधार, हा नुसता लाड. आणि मांडी घालून वाजवणं हीच हजारो वर्षांची परंपरा. जुळे सोलापुरातल्या माझ्या दादानं हे वाचलं आणि नऊ वर्षांच्या लेकीच्या हातात फुल साइज व्हायोलिन दिलं. तिच्या सरांनी नको म्हटलं, तर मेसेज त्यांनाच दाखवला.

तिला वाजवताना मी पाहिलंय. करंगळी तारेच्या अलीकडेच थांबते. मनगट मोडतं आणि तळवा व्हायोलिनच्या मानेला टेकतो. गज टोकापर्यंत न्यायला उजवा हात पुरत नाही, म्हणून तो तिरका होऊन फिंगरबोर्डकडे सरकतो. डावा खांदा तर कानाला लागलेला. मोठ्यांच्या सायकलवर कैची मारणारं पोर जातं पुढे, पण सगळं अंग वाकडं करून, तसंच हे. “दुखतंय का गं?” विचारलं, तर म्हणाली, “दुखायलाच पाहिजे ना आत्या?”

हे वाक्य नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडी आलं, ते त्या मेसेजमुळे. नवशिक्याच्या बोटांची टोकं सुरुवातीला हुळहुळतात, मग तिथली कातडी घट्ट होते. एवढं खरं आणि तेवढंच. मान, खांदा, मनगट दुखणं ही वेगळी गोष्ट आहे. सांधा वाकडा ठेवून तीच हालचाल शेकडो वेळा केली की स्नायुबंध सुजतात, नस दाबली जाते. बोटांना मुंग्या येत असतील, हात बधिर होत असेल किंवा वाजवणं थांबल्यावरही दुखत असेल, तर त्या दिवशी व्हायोलिन पेटीत ठेवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. याला कुठलीही परंपरा आडवी येत नाही.

आता जुने लोक काय म्हणत होते ते बघू. प्रसिद्ध संगीतकार मोझार्टचे वडील लिओपोल्ड मोझार्ट यांनी 1756 मध्ये व्हायोलिन शिकवण्यावर पुस्तक लिहिलं. युरोपात त्यावर पिढ्या शिकल्या. त्यात लहान मुलांसाठीच्या छोट्या व्हायोलिनचा उल्लेख आहे. म्हणजे हा धंदा जवळजवळ पावणेतीनशे वर्षांचा. हो, ते असंही लिहितात की बोटं पोचत असतील तर मोठं व्हायोलिनच बरं. मेसेजवाल्यांना हवं तर हे घ्या, पण ‘पोचत असतील तर’ हे सोडून घेता येणार नाही. पोचतात की नाही हे बघणं सोपं आहे: व्हायोलिन खांद्यावर ठेवून डावा हात सरळ पुढे करायचा. वरचं गुंडाळलेलं टोक तळहातात आलं, बोटं त्याभोवती सहज वळली, तर माप बरोबर. टोक बोटांच्याही पुढे राहिलं, तळहातात आलंच नाही, तर व्हायोलिन मोठं.

पट्ट्यांचंही तेच. फिंगरबोर्डवर स्वरांची अक्षरं चिकटवणाऱ्या शिक्षकांना लिओपोल्ड याच पुस्तकात झाडतात, म्हणजे खूळ असलंच तर ते नवं नाही. पट्टीवर डोळा गेला की कान आळसावतो, हे मलाही मान्य आहे. पहिले काही महिने ठेवा, मग काढा.

विसाव्या शतकातले नावाजलेले व्हायोलिनवादक घ्या: शोल्डर रेस्ट हायफेट्झ वापरत नसे, मिल्स्टाइनही नाही. बरोबर. पण चिन रेस्ट, म्हणजे हनुवटी टेकवायचा आधार, होती, आणि तीही जर्मन वादक लुई श्पोर यानं 1820 च्या सुमारास आणली, तेव्हा नवीच होती. लांब मानेच्या मुलाला मधली जागा भरायला आधार लागतो, आखूड मानेच्याला कदाचित लागणार नाही. लाडाचा प्रश्न येतो कुठे?

हजारो वर्षांबद्दल एवढंच: व्हायोलिन घडलं सोळाव्या शतकात, इटलीत. कर्नाटक संगीतात ते बाळुस्वामी दीक्षितर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलं. आपल्याकडे गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग यांनी हिंदुस्तानी मैफलीत त्याला मान मिळवून दिला. बसून, टोक पायावर टेकवून वाजवायची पद्धत उत्तमच आहे, कारण वाद्याचं वजन डाव्या हातावर येत नाही आणि मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, हात मोकळा राहतो. व्हायोलिनवादक एन. राजम यांचं गायकी अंग, म्हणजे गाण्यासारखं वाजवणं, ऐका, कळेल. पण बघा, या पद्धतीचाही सगळा भर हात मोकळा ठेवण्यावरच आहे. तिच्या नावावर उभ्यानं शिकणाऱ्या पोरीचा हात आखडून ठेवायचा, हे कसं चालेल?

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी बाकीचं राहू द्या, दुखण्याची ती ओळ चुकीची आहे एवढं आजच त्याच ग्रुपवर लिहा.