खुलासा: फायबरची बोट विजेपासून वाचवत नाही

‘फायबरच्या बोटीवर वीज पडत नाही, पाऊस सुरू होईपर्यंत तापोळ्याला बिनधास्त बोटिंग करा,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आणि जिवावर बेतणारा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

फायबर विजेला अडवत नाही. तापोळ्याच्या शिवसागर जलाशयाच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या, मधोमध उघड्या बोटीत बसलेला माणूसच आसपास सगळ्यांत उंच असतो. शिवाय वीज पावसापासून 10 किलोमीटर लांब, कोरड्या जागीही पडू शकते. वारा तर पावसाच्या आधीच येतो. दुपारभर उकाडा, पाणी स्तब्ध, आणि एकदम गार झोत, पाण्यावर काळसर लहरी धावत येतात. वळवाच्या ढगातून खाली कोसळलेली थंड हवा ती हीच. तोवर बोट काठाला लागलेली हवी. तापोळ्याला डोंगरांमुळे ढग बऱ्याचदा उशिराच दिसतो.

एप्रिल-मेमध्ये फेरी सकाळीच उरका. निघताना पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप बघा. गडगडाट ऐकू आला की लगेच काठ गाठा. झाडाखाली नको, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत थांबा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बोट पाण्यात घालू नका. लाइफ जॅकेट मात्र आकाश निरभ्र असलं तरी अंगात हवंच.